अनाहाइमची वर्गणी

जाहिरात फुकट बघायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. किंबहुना जाहिरात बघितल्याबद्दल आपल्याच हातावर काहीतरी पडावं, अशी रास्त अपेक्षा असते. साबणाबरोबर बादली, चहाच्या पुड्याबरोबर चमचा, दुकानाच्या उद्घाटनाला गेलं तर पेढा आणि कॅलेंडर. ते कॅलेंडर वर्षभर आपल्या भिंतीवर दुकानदाराचं नाव मिरवतं. पेढा म्हणजे त्या भिंतीचं आगाऊ भाडं. हा व्यवहार पिढ्यानपिढ्या सुखाने चालला होता. तो उलटा झाल्याचं मला कळलं २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, डोंबिवलीत, चकलीच्या वासात.

वसुबारस दोन दिवसांवर आली होती. मी ताईकडे फराळाच्या मदतीला गेलो होतो. म्हणजे फराळ ताई करत होती आणि मी दर घाण्यानंतर चकली नरम पडली की कडक झाली याचा अहवाल देत होतो. रात्री सव्वाअकराला भाचा लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आला, तो टीव्हीला जोडला, पंखा एकवर केला आणि आईला बजावलं, "आता मिक्सर लावू नकोस."

"काय आहे रे?" मी विचारलं.

"ब्लिझकॉन. ब्लिझर्ड कंपनी आहे ना मामा, वॉरक्राफ्ट, डायब्लो, ओव्हरवॉचवाली? त्यांचं संमेलन."

संमेलन म्हटल्यावर मी सरसावून बसलो. "कुठे आहे?"

"अनाहाइमला. कॅलिफोर्नियात, डिस्नेलँडच्या जवळ."

"अध्यक्ष कोण? ठराव कुठले?"

"ठराव नसतात. पुढे कुठले गेम येणार ते सांगतात."

"म्हणजे जाहिरात."

"जाहिरात नाही मामा, घोषणा."

"बरं, घोषणा. आणि ती ऐकायला...?"

"व्हर्च्युअल तिकीट घेतलंय. पन्नास डॉलर."

ताईच्या हातातला सोऱ्या थांबला. अर्धवट पडलेली चकली तेलात प्रश्नचिन्हासारखी तरंगू लागली. पन्नास डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतीन हजारांच्या वर. पण पैसे त्याच्या स्वतःच्या स्टायपेंडचे होते, त्यामुळे घरात बोलायची कुणाची टाप नव्हती. मीही गप्प बसलो. स्वतःच्या पहिल्या कमाईतून माणूस आईला साडी घेतो किंवा मूर्खपणा करतो. साडी आधीच घेऊन झाली होती.

या जत्रेचा इतिहास मला त्या रात्री तुकड्यातुकड्याने कळला. पहिली भरली २००५ मध्ये. जागा मर्यादित आणि भक्त उदंड, म्हणून २००८ मध्ये अमेरिकेतल्या डायरेक्टीव्हीवर पैसे भरून बघायची सोय झाली आणि पुढच्या वर्षी इंटरनेटवरूनही. भाव चाळीस डॉलरच्या आसपास. २०१८ मध्ये तो पन्नास झाला. प्रत्यक्ष सभागृहात जायचं तर तेव्हा १९९ डॉलर, आणि ती तिकिटं काही मिनिटांत संपायची. त्या हिशेबाने घरबसल्याचा भाव पाव. यातून मला एवढंच समजलं, की माणसाचं शरीर तीन चतुर्थांश किमतीचं असतं आणि डोळे पाव.

साडेअकरा वाजले. म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. उद्घाटन सुरू झालं. मी चकली हातात घेऊन सहज विचारलं, "हे दिसतंय ते तिकिटामुळे ना?"

"नाही, उद्घाटन सगळ्यांना फुकट असतं."

"मुख्य घोषणा कशात होतात?"

"उद्घाटनात."

मी चकली खाली ठेवली. मुख्य घोषणा सगळ्या जगाला फुकट. मग पन्नास डॉलर कशाचे? भाच्याने शांतपणे यादी वाचली. घोषणा झाल्यावर त्या घोषणेवर चर्चासत्रं असतात, ती तिकिटात. म्हणजे लग्न उघड्यावर आणि पत्रिका कशी जुळली यावरचं व्याख्यान तिकीट लावून. शिवाय जत्रेच्या दुकानातले टीशर्ट, मग, बाहुल्या इतरांच्या आधी विकत घेण्याचा हक्कही तिकिटात. हे मी दोनदा विचारून घेतलं. वस्तू नव्हे, वस्तूसाठी आणखी पैसे देण्याच्या रांगेत पुढचा नंबर. आमच्या वाण्याला हे अजून सुचलेलं नाही. कृपा करून त्याला कुणी हे सदर दाखवू नका.

आणि शेवटी प्रसाद. तिकीट घेणाऱ्याला खेळात काहीतरी मिळायचं. २००९ मध्ये ग्रंटी मिळाला होता. ग्रंटी हा मुरलॉक. मुरलॉक म्हणजे बेडूक आणि मासा यांच्या मधला, घशात गुळणी धरून ओरडल्यासारखा आवाज करणारा प्राणी. हा अवकाशसैनिकाचं चिलखत घातलेला होता. २०१० मध्ये डेथी, २०११ मध्ये मर्काब्लो. ही मंडळी खेळात तुमच्या मागे तुरुतुरु चालतात. लढत नाहीत, सामान वाहत नाहीत, काही म्हणजे काही करत नाहीत. पण ती ज्याच्यामागे चालतात तो त्या वर्षी 'होता', हे इतरांना दिसतं. कपाळावरचा अंगारा बघून 'जाऊन आलात वाटतं?' असं विचारतात ना, तसं.

त्या वर्षी तिकिटात आणखी एक मेवा होता: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिकचा नमुना घरी खेळायला. क्लासिक म्हणजे नवा खेळ नव्हे. २००४ साली आलेला मूळ खेळ, पुढच्या चौदा वर्षांतल्या बहुतेक सुधारणा काढून टाकलेला. २०१३ च्या जत्रेत एका भाविकाने हा जुना खेळ परत द्याल का असं विचारलं, तेव्हा व्यासपीठावरच्या जे. ॲलन ब्रॅक यांनी त्याला समजावलं होतं, की तुम्हाला तो हवासा वाटतो, पण खरं तर नको आहे. २०१७ मध्ये त्याच ब्रॅकसाहेबांनी त्याच जत्रेत तो परत देण्याची घोषणा केली. आणि आता, २०१८ मध्ये, तेच गृहस्थ कंपनीचे नवे अध्यक्ष होऊन उद्घाटनाला उभे होते. आपल्याला काय हवं आहे हे कंपनीला चार वर्षं उशिरा कळतं. पण कळलं, की लगेच त्याला तिकीट लागतं.

त्या नमुन्यालाही वेळ ठरलेली होती. दीड तासात जास्तीत जास्त एक तास. भाचा बॅरन्स नावाच्या रखरखीत माळरानावर झेव्हरा नावाच्या शिंगवाल्या झेब्र्यांचे खूर गोळा करत होता, तोवर तास संपला. पोहण्याच्या तलावावर बॅच संपल्याची शिट्टी वाजते तसा तो बाहेर आला आणि अर्धा तास काठावर बसून राहिला. मी म्हटलं, "मनुष्याने एवढे पैसे भरून वाट बघावी?" तो म्हणाला, "मामा, तू नाट्यगृहाबाहेर बुकिंगसाठी पहाटेपासून उभा राहायचास ना?" मी दुसरी चकली घेतली.

त्या रात्रीची खरी गंमत उद्घाटनाच्या शेवटी झाली. डायब्लो या मालिकेचा तिसरा भाग आला होता २०१२ मध्ये. सहा वर्षं चौथ्याकडे डोळे लावून बसलेल्या मंडळींना सांगण्यात आलं, की नवा डायब्लो येतो आहे, मोबाइल फोनवर. नाव 'इमॉर्टल'. सभागृहात अशी शांतता पसरली, की पुरणपोळी म्हणून वाढलेली पोळी साधी निघाल्यावर पंगतीत पसरेल. मध्यरात्र उलटल्यावर प्रश्नोत्तरं झाली. लाल शर्टातला एक तरुण माइकपाशी गेला आणि त्याने विचारलं, हा एप्रिल फूलचा अवेळी केलेला विनोद आहे का? लोकांनी टाळ्या वाजवल्या. संगणकावर हा खेळ आणण्याचा विचार नाही म्हटल्यावर हुर्यो उडाली, आणि त्यावर खेळाचे रचनाकार वायट चेंग यांनी विचारलं, "तुमच्याकडे फोन नाहीत का?"

फोन होते. सकाळ व्हायच्या आत हे वाक्य त्या सगळ्या फोनांवर फुकट फिरत होतं.

माझं लक्ष मात्र भाच्याकडे होतं. अनाहाइमात १९९ डॉलरवाले मनमुराद ओरडत होते. डोंबिवलीत पन्नास डॉलरवाला तोंडावर उशी धरून बसला होता, कारण आतल्या खोलीत आजी झोपली होती. आणि ओरडला असता तरी ते अनाहाइमला ऐकू गेलं नसतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकीट म्हणजे नुसतं बघण्याचं भाडं नव्हे. मराठी नाटकवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. तिकीट काढणारा 'वन्स मोअर' मागतो, शिट्टी मारतो, नटाला पाठांतर नसेल तर मागच्या रांगेतून वाक्य पुरवतो आणि अगदीच असह्य झालं तर हुर्यो उडवून मध्यंतरात वडा खाऊन घरी जातो. खुर्चीच्या भाड्यात तोंडाचंही भाडं असतं. ज्यातून तोंड वजा केलेलं आहे, त्याला तिकीट कसं म्हणायचं?

त्याला आपल्याकडे शब्द आहे. वर्गणी.

मंडळाची पोरं दारात येतात. पावतीपुस्तकावर आकडा आधीच टाकलेला असतो. देखावा रस्त्यावर असतो, तो सगळ्या गावाला फुकट. वर्गणी न देणारा शेजारी तुमच्याच पुढे उभा राहून तो बघतो. यंदा देखावा कसला, हे तुम्हाला कुणी विचारत नाही. फसला तर पैसे परत नाहीत. तुम्हाला मिळते पावती, प्रसादाची पुडी आणि 'आपलं मंडळ' म्हणण्याचा अधिकार. आणि आपण देतो, दरवर्षी कुरकुरत देतो, कारण न देणारा म्हणून ओळखलं जाणं हे देण्यापेक्षा महाग पडतं. भाच्याच्या पन्नास डॉलरचा जमाखर्च ओळीने जुळतो. फक्त आपल्या मंडळाचा कार्यकर्ता रस्त्यात भेटतो, त्याला 'यंदाचा देखावा भिकार होता' असं तोंडावर सांगता येतं. अनाहाइमचा कार्यकर्ता भेटत नाही.

माझी ही उपपत्ती २०२१ मध्ये खुद्द कंपनीने सिद्ध करून दिली. महामारीमुळे त्या वर्षीची जत्रा फेब्रुवारीत, संपूर्णपणे ऑनलाइन झाली आणि चर्चासत्रांसकट सगळी फुकट. प्रसाद मात्र वेगळा काढून विकायला ठेवला: कंपनीच्या तिसाव्या वाढदिवसाचे तीन पुडे, वीस, चाळीस आणि साठ डॉलरचे. दर्शनासकट प्रसाद पन्नासला होता. दर्शन वगळल्यावर मोठा पुडा साठला गेला. म्हणजे दर्शनाची किंमत उणे दहा डॉलर. भाच्याने तोवर नोकरी धरली होती. त्याने साठवाला घेतला.

त्याच सोहळ्यात मेटॅलिका वाजवायला आले होते. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरच्या एका वाहिनीवर मात्र स्वामित्वहक्काच्या भीतीने त्यांचा आवाज बंद करून वर कुठलंसं निरुपद्रवी, फुकटातलं संगीत लावलं गेलं. हेडबँगिंग करणारे केसाळ बाप्ये आणि मागे अंगाईसारखी टिंगटिंग. हक्कांसाठी २००० साली, गाणी फुकट वाटून घेऊ देणाऱ्या नॅपस्टरला कोर्टात खेचणारा हाच तो बँड. नियतीला विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत शोधून बघावी.

दुसऱ्या जत्रा बघितल्या तर वर्गणीचं मोल आणखी कळतं. लॉस एंजेलिसची ई-थ्री १९९५ पासून भरत होती. तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या घोषणा घरबसल्या फुकट दिसायच्या. मग कंपन्यांनाच वाटलं, की जत्रेला भाडं कशाला भरायचं, आपण आपल्या घरून बोलू. निंटेंडो २०११ पासून घरून बोलू लागली, २०१९ ला प्लेस्टेशनवाले फिरकलेच नाहीत आणि डिसेंबर २०२३ मध्ये ई-थ्री कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं. तिची जागा घेणाऱ्या समर गेम फेस्टमध्ये एका मिनिटाच्या जाहिरातीला अडीच लाख डॉलर पडतात, अशी बातमी २०२४ मध्ये आली. तिथे प्रेक्षक फुकट आणि जाहिरातदार पैसे मोजतो, पेढा-कॅलेंडरच्या सनातन धर्माला धरून. अनाहाइमकरांनी मात्र जाहिरातही आपली, मंडपही आपला, आणि मंडपाचं भाडं प्रेक्षकाकडून, असा चमत्कार दहा वर्षांहून जास्त चालवला. तो त्यांच्या हुशारीने चालला असं मला वाटत नाही. तो भाच्यांच्या भक्तीने चालला. खेळात भेटलेल्या, कधी तोंड न बघितलेल्या चाळीस मित्रांबरोबर त्या रात्री तो जागा होता. त्या जागरणाला त्याने पैसे मोजले आणि त्याबद्दल त्याची आजही तक्रार नाही.

ताईची आहे. पण तिची तक्रार मिक्सरबद्दल आहे.

२०२३ मध्ये जत्रा पुन्हा सभागृहात भरली आणि घरून बघणं फुकटच राहिलं. २०२४ मध्ये ती भरलीच नाही. आता १२ आणि १३ सप्टेंबर २०२६ या तारखा जाहीर झाल्या आहेत. १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. म्हणजे डोंबिवलीत खालच्या मंडळाची पोरं दारावर आणि अनाहाइमची मंडळी पडद्यावर, एकाच आठवड्यात.

अनाहाइमच्या कार्यकारिणीला आमची एकच नम्र विनंती. घरबसल्यांकडून पुन्हा पैसे घ्यायचे झाले, तर खुशाल घ्या. देखावा कुठला करायचा तेही तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पावतीवर 'तिकीट' छापू नका. 'वर्गणी' छापा. देणारे देतीलच.