सहाशे मिलिमीटरचे काका

रविवारी पहाटे साडेचारच्या सुमारास पुण्याच्या एखाद्या पेठेत चौदा खिशांचं खाकी जाकीट घातलेला, पाठीवर गॅसच्या टाकीएवढी पिशवी आणि काखोटीला तिपाई मारलेला साठीचा गृहस्थ दिसला, तर गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. ती त्याला ओळखतात. तो फोटोग्राफी क्लबाचा मेंबर असतो आणि क्लबाची आउटिंग भिगवणला निघालेली असते. चौदांपैकी अकरा खिशांत काय काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं. बाराव्यात वाचायचा चष्मा आहे, असं तो गाडी हडपसर ओलांडेपर्यंत धरून चालतो.

हे फोटोवाले काका. बँकेतून नाहीतर पाटबंधाऱ्यातून निवृत्त. सोसायटीत ते काका असले, तरी क्लबात मात्र सर असतात. क्लबात सगळेच सर असतात. गेल्या आठवड्यात वर्गणी भरलेला इंजिनीअरिंगचा पोरगासुद्धा दुसऱ्या मीटिंगला सर होतो, त्यामुळे कुणी मागून 'सर' अशी हाक मारली की सतरा माना वळतात. काकांची लेन्स अमेरिकेहून मुलीबरोबर येते. मुलगी दोन वर्षांनी येते. तोवर त्या लेन्सचं पुढचं मॉडेल बाजारात आलेलं असतं, आणि काका मुलीला विमानतळावर भेटतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि हळहळ नेमकी निम्मी निम्मी असते.

क्लब म्हणजे महिन्यातून एकदा, एका शाळेच्या वर्गात, पाचवीच्या बाकांवर गुडघे मुडपून बसणारी चाळीसेक माणसं. वेळ साडेपाचची. पाच वाजून एकतीस मिनिटांनी येणाऱ्याला 'या, रात्रीचं शूटिंग होतं का?' असं विचारलं जातं. प्रोजेक्टर लागला की पहिली वीस मिनिटं भिंतीवर दिसणारे रंग खरे की खोटे यावर जातात. ज्याचा फोटो काळपट दिसतो तो उभा राहून सांगतो, 'माझ्या घरच्या स्क्रीनवर व्यवस्थित दिसतो.' हे वाक्य दर महिन्याला कुणी ना कुणी म्हणतं, आणि दर महिन्याला काका तितक्याच सहानुभूतीनं मान हलवतात, कारण पुढचा फोटो त्यांचा असतो.

क्लबाची परंपरा सांगायला काकांना निमित्त लागत नाही. 1839 साली 19 ऑगस्टला फ्रेंच सरकारनं दागेरची कृती जगासाठी खुली केली, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन, इथून ते सुरू होतात. मग मुंबईवर येतात. तिथे 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. हे सगळं खरं आहे. फक्त काका ते अशा सुरात सांगतात, की त्या सोसायटीची वर्गणी काही दिवस आपणच गोळा करत होतो की काय असं नव्या मेंबराला वाटावं.

त्यांची स्वतःची सुरुवात ॲग्फा क्लिक थ्रीवर झाली. ऊन आणि ढग अशा दोन खुणांवर सगळं जग भागायचं आणि एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. पुढे पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा आला, छत्तीस फोटोंचा रोल आला आणि छत्तिसांतून अडतीस काढण्याची विद्या आली. रोल भरताना सुरुवातीचा तुकडा कमीत कमी वाया घालवायचा, एवढंच त्यातलं रहस्य. तरी ज्याचे अडतीस निघत त्याला क्लबात मान असे. आज काका एका सकाळी बावीसशे फोटो काढतात, त्यातले तीन ठेवतात आणि उरलेले पुसायचे म्हणून तसेच साठवून ठेवतात.

पण काकांचा खरा पराक्रमाचा काळ डार्करूमचा. डार्करूम म्हणजे वाड्यातली मोरी. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीत जुनं धोतर, वर लाल बल्ब, आणि पाटावर ओळीनं तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायचा असा पुस्तकातला दंडक, आणि पुण्याचा मे महिना. त्यामुळे शेजाऱ्यांच्या फ्रिजमधला बर्फ पाहुण्यांच्या पन्ह्यात न पडता काकांच्या ट्रेखालच्या घमेल्यात पडे. लाल उजेडात कोऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटू लागे, आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाई बाहेरून कडी वाजवत. कागदाला पांढरा उजेड लागला की तो काळा पडतो, हे त्यांना बारा वर्षांत पटलं नाही. 'एवढा कसला फोटो आहे की ज्याला उजेड सोसत नाही?' या त्यांच्या प्रश्नाला फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही.

काकूंचा या छंदाशी संबंध मुख्यतः ऐकण्यापुरता. पार्श्वभूमी छान विरघळलेली असली, की काका 'बोके' म्हणतात. मूळ शब्द जपानी, अर्थ धूसरपणा. पण एका संध्याकाळी संगणकासमोरून 'वा! काय बोके आलेत!' अशी आरोळी आली आणि काकू दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला धावल्या. काका अजून तो किस्सा काकूंच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगतात. काकूंच्या भिशीत तोच किस्सा दुसऱ्या बाजूनं सांगितला जातो आणि तिथे तो जास्त रंगतो.

काकांचं एक व्रत आहे: क्षितिज सरळ. विषय काहीही असो, प्रकाश कसाही असो, क्षितिज अर्धा अंश जरी कललं तरी त्यांच्या पोटात कालवतं. कॅमेऱ्याच्या डोक्यावर त्यांनी गवंड्याच्या लेव्हलसारखी पाण्याच्या बुडबुड्याची नळी बसवून घेतली आहे. नातेवाइकांकडे गेले की चहा येईपर्यंत त्यांच्या भिंतीवरल्या तसबिरी सरळ करतात. क्लबात नवख्या मुलीनं पावसात आईला बिलगलेल्या लेकराचा जिवंत फोटो दाखवला. सगळे क्षणभर गप्प झाले, आणि त्या शांततेत काकांचा आवाज आला, 'छानच. फक्त मागची भिंत पडतेय.' ती भिंत खरोखरच पडायला झाली होती, असं त्या मुलीनं सांगून पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये उभी करता येते, असं काका म्हणाले.

आउटिंगची ठिकाणं वर्षानुवर्षं ठरलेली. आषाढी वारीला दिवे घाट. माउलींची पालखी हडपसरहून सासवडकडे चढू लागली की वळणावळणाचा रस्ता पांढऱ्या टोप्यांनी भरून जातो. तो फोटो ज्या टेकाडावरून मिळतो तिथे पहाटेपासून तिपायांचं जंगल उभं असतं. इथेच 'एकाकी वारकरी' हा प्रसिद्ध फोटोही मिळतो. तो मिळवण्यासाठी डावीकडच्या सरांचं कोपर, उजवीकडच्या सरांची टोपी आणि समोरच्या सरांचा ड्रोन चुकवावा लागतो. क्लबात 'एकांत' हा विषय दिला होता तेव्हा सतरा फोटो आले. त्यांपैकी अकरांत तेच आजोबा होते.

सोमवतीला जेजुरी. भंडारा उधळला की आख्खा गड पिवळा होतो आणि तो भंडारा कॅमेऱ्याच्या फटीफटींत जाऊन बसतो. त्यावर काकांचा उपाय म्हणजे दुधाची धुतलेली पिशवी, दोन रबरबँड आणि भरपूर चिकटपट्टी. दीड लाखाचा कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून पायऱ्या चढणारे काका पाहिले की त्यांच्या पेशव्यांच्या राजधानीतल्या जन्माबद्दल शंका राहत नाही.

एरवीच्या रविवारी मंडई. 1886 साली उभी राहिलेली ही अष्टकोनी वास्तू, तिचे झरोके आणि त्यांतून भाजीवर पडणारा उजेड यांच्यावर क्लबाच्या तीन पिढ्या पोसल्या. विक्रेतेही आता तयार झाले आहेत. एक आजी लिंबं मांडता मांडता मान न वळवता म्हणतात, 'ऊन यायला अजून धा मिनटं हायेत. तवर लिंबं घ्या.' काका अर्धा डझन लिंबं घेतात. उत्स्फूर्त क्षण टिपण्याची पुण्यातली किंमत सध्या इतकी आहे. शनिवारवाड्यात मात्र रखवालदाराशी दर वेळी वाद होतो, कारण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिपाईला आगाऊ परवानगी लागते. हा नियम काका इतरांना समजावून सांगतात आणि स्वतःच्या तिपाईला काठी म्हणतात.

गाण्याच्या मैफलींचे फोटो ही पुण्याची खास शाखा. सतीश पाकणीकरांनी टिपलेल्या गवयांच्या भावमुद्रा इथल्या रसिकांच्या ओळखीच्या. आपणही तसं काही करावं, म्हणून काका सवाई गंधर्व महोत्सवात पुढे जाऊन बसले. विलंबित ख्याल, गवयानं समेआधी श्वास घेतलेला, मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि खटाक. शेजारच्या रसिकानं वळून नुसतं पाहिलं. त्या एका नजरेनं काकांनी आरशाचा कॅमेरा विकून बिनआवाजाचा घेतला. कंपन्या जाहिरातींवर उगाच खर्च करतात.

मग सलॉन. 1950 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या मान्यतेनं जगभर या स्पर्धा चालतात. पैसे भरून फोटो पाठवायचे, निवड झाली की 'ॲक्सेप्टन्स', आणि पुरेशा ॲक्सेप्टन्स साठल्या की नावापुढे अक्षरं. काकांच्या व्हिजिटिंग कार्डावर ती अक्षरं नावापेक्षा लांब झाल्यानं नावच बारीक टाइपात गेलं. स्पर्धांतल्या निसर्ग विभागाचे नियम कडक. फोटोत माणसाची खूण नको, पण पक्ष्याच्या पायात संशोधकानं अडकवलेली कडी चालते. म्हणजे माणूस फोटोत यायचा तर त्यानं पीएच.डी. तरी करावी. सुप्याच्या माळावर चिंकाऱ्यामागे एका मेंढपाळाचा लाल पटका आला म्हणून काकांचा वर्षातला सर्वांत चांगला फोटो बाद झाला. पटका पुसायला मनाई, कारण फोटोतलं काही काढायचं नाही हाही नियमच. पुढच्या खेपेला काकांनी मेंढपाळाला पटका काढून बसायची विनंती केली. 'हरणाला सांगा की दुसरीकडं बसायला,' तो म्हणाला.

वार्षिक प्रदर्शन बालगंधर्वच्या कलादालनात. 1968 मध्ये उघडलेल्या या नाट्यगृहाच्या आवारात पाऊस आला की दर्शक वाढतात, हे काकांनी हेरून ठेवलंय, म्हणून ते ऑगस्टच्याच तारखा मागतात. समई पेटवताना पंखे बंद करायचे, नंतर चालू करायला सगळे विसरतात. अभिप्रायाच्या वहीत एकदा अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'फोटो चांगले आहेत. पंखे बंद आहेत. क्र. 23 मधील फ्लेमिंगो गेल्या वर्षीचाच वाटतो.' तो गेल्या वर्षीचाच होता. काका महिनाभर ते अक्षर कुणाचं आहे याचा शोध घेत होते.

तर फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठाला ते हिवाळ्यात उतरतात. इथले नावाडी मूळचे मासेमार. वीस-पंचवीस वर्षं रोज सकाळी पुण्याचे सर नावेत बसवून त्यांना आता कॅमेरे जाळ्यांइतके कळतात. ऊन पाठीवर येईल अशी नाव वळवायची, लांबूनच मशीन बंद करून बांबूनं रेटत न्यायची, थवा बिचकता कामा नये, हे सगळं न सांगता होतं. रोहित माना पाण्यात उलट्या घालून चरत असतात तोवर निवांत. माना वर करून सगळे एकाच दिशेला चालू लागले की उठणार. आधी पाण्यावर धावतात, मग पंख उघडतात, आणि आत झाकलेला लाल-काळा रंग तेवढ्यापुरता दिसतो.

'काका, शटर दोन हजारच्या वर ठेवा, उठत्यात आता,' नावाडी हळूच म्हणाला.

काका त्या वेळी मागच्या पडद्यावर आधीचा फोटो शेजारच्या सरांना दाखवत होते. त्यात क्षितिज अगदी सरळ आलं होतं. थवा उठला, डोक्यावरून गेला, सोलापूरच्या दिशेनं दिसेनासा झाला. काकांना मिळालेल्या पन्नास फोटोंत आभाळ उत्तम आहे.

किनाऱ्यावर चिलापीचं कालवण आणि भाकरी झाली, आणि प्रथेप्रमाणे ग्रुप फोटोची वेळ आली. बारा सर ओळीनं उभे राहिले, म्हणजे साधारण सहा मीटरची रुंदी. प्रत्येकाच्या गळ्यात दीडशे ते सहाशेची लेन्स. हिशोब काकांनीच केला: सहाशेवर ही ओळ फ्रेममध्ये बसवायची तर शंभर मीटर मागे जावं लागेल, दीडशेवर आणली तरी पंचवीस. मागे दहा पावलांवर उजनी सुरू होत होती. साधी छोटी लेन्स कुणीच आणली नव्हती. बरं, फोटो काढणारा फोटोत येत नाही, त्यामुळे कुणी मागे जायलाही तयार नव्हतं. शेवटी नावाड्यानं लुंगीच्या घडीतून मोबाईल काढला, 'पोटं आत' म्हणाला आणि एका हातानं फोटो घेतला. दुसऱ्या हातात बांबू होता.

फोटो झकास आला. सगळे हसत होते, मागे पाणी चमकत होतं. फक्त क्षितिज तीनेक अंशांनी कललं होतं.

काकांनी रात्री घरी पोचल्यावर जेवायच्या आधी तो दुरुस्त केला आणि ग्रुपवर टाकला. फोटो सरळ फिरवला की कडा कापाव्या लागतात. ओळीच्या डाव्या टोकाला काका उभे होते. दुरुस्त फोटोत क्षितिज अगदी सरळ होतं आणि त्या टोकाला, अकरा हसऱ्या सरांच्या शेजारी, हवेत एक मोठी लेन्स तरंगत होती.