'काही झाले नाही' या विधानाचे कायदेशीर परिणाम

मोटार अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने वकील केव्हा गाठावा, या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी रस्त्यावर आडवा झालेला मराठी मध्यमवर्गीय पुरुष पहिले वाक्य कोणते उच्चारतो हे पाहणे क्रमप्राप्त ठरते. कारण 'काही नाही, काही झाले नाही' हे ते वाक्य हेल्मेट उतरवण्याच्याही आधी, कोणी विचारलेले नसताना उच्चारले जाते आणि त्याची किंमत पुढे लाखांत मोजावी लागू शकते.

पतनोत्तर वर्तन, म्हणजे दुचाकीवरून पडल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांतील आचरण, हा वास्तविक स्वतंत्र ग्रंथाचा विषय असून येथे त्याला गरजेपेक्षा अधिक जागा दिली जात आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. पडलेला मनुष्य प्रथम आपल्याला कोणी पाहिले का ते पाहतो, मग स्कूटरचा आरसा पाहतो आणि कोपर सर्वांत शेवटी. जमावात कामांची वाटणी कोणी न सांगता होते: एक जण गाडी उचलून स्टँडला लावतो, दुसरा किल्ली काढून पडलेल्याच्या हाती ठेवतो, तिसरा पाण्याची बाटली पुढे करतो, चौथा दुभाजकापलीकडे गेलेली चप्पल आणून देतो, आणि पाचवा, ज्याने अपघात पाहिलेलाच नसतो, तो चूक कोणाची याचा निवाडा देतो. शिवाय 'काका, हळू चालवत जा' असे सांगणारा एक विशीतला मुलगा असतोच. प्रस्तुत लेखकाला टेम्पोने पाडले त्या दिवशी त्याला झालेली सर्वांत खोल जखम त्या 'काका'ने केलेली आहे. त्या संबोधनाचे खंडन म्हणून लेखक ताडकन उठला, ज्या हातावर पडला त्याच हाताने त्याने पँट झटकली, टेम्पोचालकाने पुढे केलेल्या पाचशेच्या चार नोटा बाणेदारपणे परत केल्या आणि गरिबाच्या पोटावर पाय नको, या उदात्त भावनेने 'आपसात मिटले, तक्रार नाही' असे लिहिलेल्या चिठोऱ्यावर सही ठोकली.

या औदार्याचा खरा लाभार्थी कोण, हे लेखकाला फार उशिरा समजले. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा, म्हणजे बोलीभाषेतील 'थर्ड पार्टी', सक्तीचा आहे. तो वैध असला की इतरांना झालेल्या इजेची भरपाई साधारणतः विमा कंपनी देते, चालक नव्हे. सारांश, लेखकाने भर चौकात, सहृदय मुद्रेने, दया दाखवली ती एका विमा कंपनीला, आणि त्या कंपनीने साधे आभारही मानले नाहीत.

मनगटात अंगठ्याच्या बाजूला होडीच्या आकाराचे स्कॅफॉइड नावाचे एक लहान हाड असते, आणि त्याचा खोडसाळपणा असा की ते मोडले तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी दिसते. लेखकाचे तेच मोडले होते, पण ते दिसेपर्यंत त्याने हळद लावून ते दुखणे तात्त्विक पातळीवर सोडवले होते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ज्याने रचली त्याचे गुडघे शाबूत असावेत. खरचटले, आरसा फुटला, एवढ्यासाठी वकिलाची गरज नाही. परंतु हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, कामाचे दिवस बुडाले, चूक कोणाची यावर वाद आहे किंवा कोणी तडजोडीचा कागद पुढे सरकवत आहे, अशा वेळी वकील सहीनंतर नव्हे, सहीआधी गाठायचा असतो. मुदतही आहे: १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडील अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली. अमेरिकेत १९७७ च्या एका निकालानंतर वकील जाहिरात करू शकतात. भारतात बार कौन्सिलचे नियम जाहिरातही करू देत नाहीत आणि निकालावर अवलंबून असलेली फीही ठरवू देत नाहीत, त्यामुळे येथे वकील आपल्या पायांनी शोधावा लागतो, पाय धड असल्यास.

भरपाईच्या हिशेबात 'गुणक' नावाची संख्या येते: वार्षिक उत्पन्नातील नुकसानीला ज्या संख्येने गुणायचे ती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात ती वयानुसार ठरवून दिली; ४६ ते ५० वयाला १३ आणि ५१ ते ५५ ला ११. वर्षानुवर्षे केसांना कलप लावून वय दडवणारा लेखक एकावन्न पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी पडला. त्याहून अवघड प्रश्न लेखकाने अखेर गाठलेल्या वकीलबाईंनी कागद पुढे ओढत विचारला: "सर, लेखनातून महिन्याचं उत्पन्न किती?" लेखकाने कीर्तीविषयी बोलण्यास प्रारंभ केला. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

मग त्यांनी घरात काम कोण करते असे विचारले, आणि लेखकाच्या तोंडून सवयीने आले: "पत्नी. ती काही करत नाही, घरीच असते." हे वाक्य 'काही झाले नाही' या वाक्याचे सख्खे भावंड आहे. १९९४ मध्ये मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीने न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश मानले होते. २००१ मध्ये लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल दरमहा ३,००० रुपये धरले, आणि घरकामाचा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीत खराखुरा वाटा असतो, हे त्याच न्यायालयाला २०२१ मध्येही पुन्हा लिहावे लागले. प्लास्टरच्या आठ आठवड्यांत लेखकाच्या सदऱ्याची बटणे रोज सकाळी जिने लावली, आमटीवर लिंबू पिळून दिले, औषधाच्या बाटलीचे झाकण उघडून ठेवले, तिचे उत्पन्न लेखकाच्या मानधनाचा तिसरा हिस्सा, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याच्याविषयी सौम्य शब्द सापडत नाही. आणि तीच कल्पना लेखकाच्या जिभेवर इतकी वर्षे बिनभाड्याने राहत होती, हे अधिक बोचणारे आहे.

फिर्याद उशिरा नोंदवण्यात आली. केवळ विलंबामुळे दावा बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलेले आहे. दावा मुदत संपण्यास अकरा दिवस असताना दाखल झाला. विमा कंपनीने आपल्या कैफियतीला, म्हणजे लेखी उत्तराला, जोडलेला पहिला कागद तोच चिठोरा आहे. त्यावरील सही मोडलेल्या मनगटाने केलेली असूनही वळणदार आहे.