भारदस्त आवाजाचं सोंग

रेडिओवर रुबाबात निवेदन करणाऱ्यानं पुढे कार्टूनमधल्या सशाला किंवा बदकाला आवाज दिला, की आमच्या श्रीरामपुरात ‘चांगला माणूस होता, वाया गेला’ असं म्हणायची पद्धत आहे. या हळहळीत माझाही आवाज असतो, आणि तो अर्थातच खर्जातला. घशातून खर्ज निघतो म्हणजे डोक्यात विचार असणारच, अशी माझी स्वतःबद्दलची जुनी समजूत आहे. पण निवेदकाचा आवाज तरी कुठे त्याचा स्वतःचा असतो? त्या सुरात घरी चहा मागितला तर चहा मिळणार नाही, तब्येतीची चौकशी होईल. बड्या नेत्याचं निधन आणि उन्हाळ कांद्याचे किमान-कमाल भाव एकाच गांभीर्यानं सांगणारा आवाज हे सोंगच आहे. फक्त इस्त्री केलेलं. कार्टूनवाला सोंगाला सोंग म्हणतो, एवढाच फरक.

बातम्यांना गांभीर्य नको का, असं कोणी विचारेल. हवंच. पण गांभीर्यापुढे आपण किती लवकर मान तुकवतो, ते स्टेशनावर पाहावं. गाव श्रीरामपूर, बाजारपेठ श्रीरामपूर, नगरपालिका श्रीरामपूर. स्टेशन मात्र वर्षानुवर्षं ‘बेलापूर’. खरं बेलापूर तिकडे प्रवरेकाठी. तरी भोंग्यातून बाईंनी शांतपणे ‘बेलापूर’ म्हटलं, की श्रीरामपूरला उतरणारा मुकाट्यानं पिशव्या उचलतो. हीच घोषणा बदकाच्या आवाजात झाली असती तर स्टेशनमास्तरांना घेराव पडला असता. रामनवमीच्या यात्रेतला भोंगा तर त्याहून मुरलेला. देणगीदाराचं नाव आलं की आवाज खाली उतरतो, दोन शब्दांत अंतर पडतं, ‘सन्माननीय’मधला प्रत्येक ‘न’ सुटा ऐकू येतो. हरवलेल्या पोराचा निळा शर्ट आणि अनवाणी पाय मात्र एका दमात उरकले जातात. विषयांतर झालं खरं, पण भोंग्यावर मी आणखी दोन पानं लिहू शकतो.

आता सशा-बदकांपायी ‘वाया गेलेल्यां’कडे परत येऊ. केसी केसमचं बघा. हा अमेरिकेतला नावाजलेला रेडिओ निवेदक. १९६९मध्ये तो ‘स्कूबी डू’ या कार्टूनमधल्या भित्र्या, खादाड शॅगीचा आवाज झाला आणि १९७०मध्ये त्यानं ‘अमेरिकन टॉप ४०’ हा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. दोन्ही कामं वर्षानुवर्षं चालली. शॅगीमुळे गाण्यांची पत घसरली नाही. रेडिओवर तयार झालेल्या मेल ब्लँकनं बग्ज बनी या कार्टूनमधल्या सशाला आवाज दिला. पगारवाढ मागितली तर ती मिळाली नाही, पडद्यावर नाव मिळालं, अशी कथा सांगतात. १९६१मध्ये मोटार अपघातानंतर तो बेशुद्ध होता. घरच्यांच्या हाकांना उत्तर येईना. शेवटी डॉक्टरांनी बग्ज बनीची विचारपूस केली, आणि सशाच्या आवाजात उत्तर आलं. ज्याला आपण वाया गेलेलं काम म्हणतो, ते त्याच्या नावापेक्षा खोल जाऊन बसलं होतं. इथे विनोद करायला माझी जीभ रेटत नाही.

परदेशात हे ठीक, आपल्याकडे काय, या आक्षेपात मात्र दम आहे. दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधला शेरखान नाना पाटेकरांचा, हे पुष्कळांना ठाऊक असतं, कारण नानांचा चेहरा आधीच ठाऊक होता. कार्टूनमधल्या निंजा हतोडीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा, हे मात्र तो रोज पाहणाऱ्या घरातही सांगावं लागतं. गळा मराठी, भाषा हिंदी, आणि आमची पोरं भांडणसुद्धा कार्टूनच्या हिंदीत करतात. याचा मला खरोखर राग येतो. मराठी सशाला मराठीत बोलायला इतकी कमी कामं का असावीत? तेव्हा कोणाला मराठी गाढवासाठी भारदस्त आवाज हवा असेल, तर माझी हरकत नाही. मानधनाचं नंतर बघू. नाव तेवढं मोठ्या अक्षरांत हवं.