खून एक, किनारे तीन

'ब्रॉडचर्च' या इंग्रजी मालिकेत 2013 साली डॉर्सेटच्या किनाऱ्यावर एका शाळकरी मुलाचा खून झाला. वेस्ट बेच्या पिवळ्या कड्याखाली मृतदेह सापडला आणि पुढचे आठ भाग अख्खं गाव एकमेकांकडे संशयाने बघत बसलं. धंदा बरा झाला असावा. कारण 2014 मध्ये तोच खून अमेरिकेत 'ग्रेसपॉइंट' या नावाने झाला आणि 2015 मध्ये फ्रेंचांनी तो कॉर्सिकात नेला. अमेरिकेत तपासाला दहा भाग लागले. अधिकारी मात्र तोच, डेव्हिड टेनंट. नाव आणि उच्चार बदलून आलेला. बदलीचा असा हुकूम आपल्या गृहखात्यालाही कधी सुचला नाही.

चौथ्या खेपेला हा खून कोकणात करायला हरकत नाही, पण मालिका चालायची नाही. शेजारच्या घरात काय शिजतंय ते ब्रॉडचर्चकरांना आठव्या भागात कळतं. आमच्याकडे ते पोलीस यायच्या आधी मासळीबाजारात कळलेलं असतं, पापलेटाच्या भावासकट. घोडं अडतं ते पुढे. साहेबांनी पंचनाम्याला दोन पंच मागितले की बंदरावरची गर्दी पांगते. एकाला होडीचं इंजिन आठवतं, दुसऱ्याची सासू आजारी पडते. तिसरा "माका काय म्हायत नाय" म्हणतो आणि चहाच्या टपरीवर जाऊन आरोपीच्या आजोबांपासून सुरुवात करतो. शिपायाने तिथे नुसतं ऐकावं. जबाब लिहायला वही उघडली, की पैसे न देताच टपरी रिकामी.