गल्लीतल्या फिरत्या बंगल्याच्या मालकांस

मालक,

पत्रास कारण की, परवा पाण्याचा दिवस होता. जुळे सोलापुरात काही दिवसांआड नळ सुटतो, तेव्हा आम्ही सामान्य माणसं घागरी, टिपाडं आणि टाक्या भरत बसतो. आपण मात्र नळाला मोटार लावून, हिरवा पाइप खांद्यावर टाकून गेटसमोर उभारलेल्या कॅरव्हॅनला अंघोळ घालता. गल्लीला आपला फार अभिमान वाटतो. शेवटच्या घरात पाणी पोचत नाही एवढंच. पण त्यांना बघायला तर मिळतं!

2021 साली राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते लोकांनी फिरावं म्हणून. आपली गाडी सावलीतून उन्हात सरकते, पुन्हा सावलीत येते. एवढ्या प्रवासात इतकी धूळ बसते, हे नवलच.

पाइपातून मिनिटाला पंधरा लिटर धरा. पाऊण तासात पावणेसातशे लिटर झाले. म्हणजे पंचेचाळीस घागरी. हे पाणी उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर जलवाहिनीतून आलं, ते आपल्या टपावरून उतरून माझ्या दारात थांबतं. तिथं डासांचीही सोय होते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी जवळपास उणे साठ टक्क्यांवर गेली होती. उपयुक्त साठा संपला की मृतसाठ्यातून उपसतात, तो आकडा उणे लिहितात. आपल्या अंघोळी तेव्हाही चुकल्या नाहीत. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात तळं खोदलं. आपल्यासारखा भक्त पुढं होणार, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

आता थोडं गाडीच्या बाजूनं बोलतो, कारण आमच्या बाजूचं आपल्याला ऐकू येत नाही. आपण मे महिन्यात भर दुपारी धुता. पत्रा तापलेला असतो, पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि क्षाराचे पांढरे ठिपके राहतात. ते घालवायला आपण भांड्यांचा साबण चोळता, त्यानं रंगावरचं मेण जातं, मग गाडी आणखी कळाहीन दिसते आणि आपण आणखी धुता. खिडक्यांखाली जे काळे ओघळ दिसतात त्यांचं मूळ टपावर आहे. टप तसाच ठेवून बाजू घासल्या तर पहिल्या सरीला ते परत येणारच. आणि फ्रिजमागच्या जाळीवर खालून वर धार मारू नका हो. तिच्या पट्ट्या खाली झुकलेल्या असतात, त्या वरून पडणारा पाऊस अडवतात. आपली धार सरळ आत जाते. तळाचं प्लायवूड फुगलं की त्याचाही दोष महापालिकेलाच द्याल.

सकाळी सावलीत, टपापासून खाली, चार-सहा बादल्यांत ही गाडी स्वच्छ होते. चाकांना बोअरचं पाणी चालेल. शेवटी सोलापुरी टॉवेलनं कोरडं पुसा. गावात त्यांची टंचाई नाही.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या पाण्याच्या दिवशी मोटार बंद ठेवा, शेवटच्या घराची टाकी भरू द्या आणि गाडी दुसऱ्या दिवशी धुवा. बादल्या कमी पडल्या तर आमच्याकडून न्या. रिकाम्याच आहेत.

आपला,
शेवटच्या घरातला शेजारी