खुनाला जागा पाहिजे

खुनी मी साधारण चाळिसाव्या पानावर ओळखतो. ओळखलेला माणूस साठाव्या पानावर स्वतःच मरून पडतो, हा भाग वेगळा. त्यात लेखकाची घिसाडघाई असते. मग मी दुसरा नेमतो. पुस्तक संपेपर्यंत सगळ्या पात्रांवरून माझं बोट एकदा फिरलेलं असतं, आणि शेवटी मी हिला ऐटीत विचारतो, "म्हटलं नव्हतं?" ही म्हणते, "म्हटलं होतं की. सगळ्यांनाच म्हटलं होतं."

अलीकडच्या पुस्तकांत रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'ने मला फार जाळलं. इंग्लंडातली चार निवृत्त माणसं दर गुरुवारी जमतात आणि जुने खून उकलतात. निवृत्तांचा कट्टा आमचाही आहे. पण तिथं कोणी गेल्याची बातमी आली, की पहिला प्रश्न येतो, "फॅमिली पेन्शनचे कागद केलते का?" अँथनी होरोविट्झच्या 'मॅगपाय मर्डर्स'मध्ये हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरणच गायब असतं आणि त्या कल्पकतेचं जगभर कौतुक. आम्ही गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर भाड्याने आणायचो, तेव्हा शेवटची पानं बहुधा नसायचीच. कौतुक राहू द्या, भाडं मात्र पूर्ण घ्यायचे. केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'पुढे मात्र मी हात टेकले. खून कोणी केला ते हा गडी सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे माझी चाळिसाव्या पानाची नोकरीच गेली.

पण माझं खरं दुखणं निराळं आहे. आमच्या जिल्ह्यात कोणी खून का करत नाही? पुस्तकातला म्हणतोय मी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांची सगळी धावपळ मुंबईत. हृषीकेश गुप्त्यांच्या 'दंशकाल'ला कोकण लागतं. 'दृश्यम'वाल्यांनी प्रेत पुरायला गोवा गाठला. 2023 साली आमच्या उस्मानाबादचं धाराशिव झालं. रहस्यकथेत नाव बदलून वावरणारा इसम हमखास संशयित असतो, पण एवढी पात्रता मिळवूनही आमची दखल नाही.

आणि गुन्ह्याची परंपरा म्हणाल, तर परंड्याला या! मलिक-ए-मैदान ही तोफ विजापुरात बघून लोक फोटो काढतात. ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यातली. 1549 साली अहमदनगरला ओतली, पुढे परंड्यात आली आणि 1632 मध्ये आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन! घरफोडीत माणूस सोनं नेतो, फार तर मोटरसायकल. या गृहस्थाने 55 टनांचा ऐवज हलवला. चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. आता मला सांगा, चारशे बैल गुपचूप कसे जातात? त्यांचा चारा कोणी पुरवला? वाटेतल्या भीमेतून ती कशी काढली? तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा कोरलाय आणि जबड्यात हत्ती चिरडतोय. ते बघून ओढणारे हत्ती बिथरले कसे नाहीत? मी या प्रकरणावर कट्ट्यावर सलग बोलू शकतो. बोलतोच. हल्ली "मलिक" एवढं म्हटलं की दोघंतिघं चप्पल शोधायला लागतात.

हिचं मत असं, की धाराशिवात खून जमणारच नाही. "माणूस खून करून स्टँडवर गेला तर चार जण विचारतील, कुठं निघालाव? पाचवा चहा पाजील. आणि नळाला पाणी कधी येईल त्याचा पत्ता नाही. रक्ताचे कपडे धुणार कशात?"

हसलो खरा. पण पाण्याचं नाव निघालं की इकडे हसणं फार टिकत नाही. आमच्याकडची कितीतरी मरणं शेतातल्या झाडाला सापडतात. तिथं डिटेक्टिव्ह म्हणून तलाठी येतो. पंचनामा होतो, सातबारा, कर्जाचे कागद, थकबाकीची नोटीस असा पुरावा गोळा होतो, मग जिल्ह्याची समिती ठरवते, प्रकरण पात्र की अपात्र. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. 'कोणी मारलं' हा रकानाच त्या अर्जात नाही. चाळिसाव्या पानावर बोट रोखणारा मी, तिथं बोट खिशात ठेवतो. चीड येते, पण कोणावर काढावी, यासाठी संशयितांची यादी फार लांब आहे आणि त्यातले बरेचसे सत्काराला बोलावले जातात.

असो. शेवटी मीच लिहायला घेतलंय. स्थळ नळदुर्गचा पाणीमहाल. 1613 सालचा बंधारा, त्याच्या भिंतीच्या पोटात महाल. बोरी नदी भरून आली की नर-मादी धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. तिथली किंकाळी कोणाच्या बापाला ऐकू जायची नाही. अडचण एकच, बोरी भरून वाहिली पाहिजे. म्हणजे पेरणीसारखा आमचा खूनही पावसावर. मागच्या खेपेला हवामान खात्याचा अंदाज बघून मी मयताला दोन प्रकरणं जिवंत ठेवलं.

डिटेक्टिव्ह निवृत्त आहे, देखणा आहे, जगातलं सगळं वाचून बसलाय. पहिलं प्रकरण हिला वाचायला दिलं. तिने चष्मा काढून विचारलं, "ह्यो दिवसभर खुर्चीत बसून नुसता चहाच मागायलाय. ह्याच्या बायकोवर कोणी संशय घेत नाही का?"