सैल जिभेची थोरवी

सैल जिभेला ख्रिस्ती परंपरेने कधीच कमी लेखलं नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायाचा बराचसा भाग तिलाच दिलेला आहे. माणसाने पशुपक्षी वश केले, जलचर वश केले, जीभ मात्र कोणालाच वश झाली नाही, असं याकोब सांगतो. अशा अजिंक्य अवयवाचा गौरव व्हायलाच हवा.

तिचा पहिला गुण म्हणजे तिला कष्ट पडत नाहीत. चोराला रात्रीची वाट पाहावी लागते, कुलूप फोडावं लागतं. माणसाचं नाव घालवायला रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात घालवलेली पाच मिनिटं पुरतात. चोरीचा माल निदान परत करता येतो. अब्रू घेणाऱ्याने नुसती क्षमा मागून भागत नाही, झालेलं नुकसानही भरून द्यावं, अशी कॅथॉलिक शिकवण आहे. ते कोणाकोणाकडे जाऊन भरायचं, हे जिभेने आधीच अशक्य करून ठेवलेलं असतं.

दुसरा गुण याहून मोठा. तिला खोटंही बोलावं लागत नाही. कॅथॉलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात खोटी बदनामी हे पाप आहेच. पण एखाद्याचा खरा दोष सबळ कारणाशिवाय, तो ठाऊक नसलेल्यांना सांगणं, हेही वेगळं पाप म्हणून नोंदलेलं आहे. ‘मी काही मनाचं सांगत नाही, खरं तेच सांगतोय,’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो. पोरगा दारू सोडायला धडपडत असतो, आणि त्याची दारू खरी असते. मोडलेलं लग्न खरं असतं. खऱ्याला कोणी आवर घालत नाही, म्हणून ते खोट्यापेक्षा लांब जातं.

त्यातही भाविकांची जीभ सर्वांत कर्तबगार. ती निंदा करतच नाही, ती प्रार्थनेची विनंती करते. ‘त्या घरासाठी जरा प्रार्थना करा हं, मुलीचं काय झालंय ते कळलंच असेल.’ ज्याला कळलेलं नसतं, त्याला आता कळतं. प्रार्थना होते की नाही देव जाणे. मुलगी मात्र चर्चला यायची थांबते.

बिशपांनाही या जिभेने सोडलं नाही. हिप्पोच्या ऑगस्टीनने आपल्या जेवणाच्या टेबलावर निंदकांना मज्जाव करणाऱ्या ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो की एकदा त्याच्या जवळच्या बिशपांनीच त्या टेबलावर बसून कोणाची तरी निंदा सुरू केली. तेव्हा ऑगस्टीनने त्यांना सुनावलं: एकतर या ओळी पुसा, नाहीतर मी ताटावरून उठतो.